तबकडीतली मराठी कोण पुसते?

दिवाळीची आवराआवर सुरू झाली की घराघरांतल्या कपाटांतून ज्या वस्तू बाहेर पडतात, त्यांत अलीकडे चित्रपटांच्या तबकड्यांची भर पडली आहे. पंधरा-वीस वर्षांपूर्वी हौसेने विकत घेतलेल्या, वाढदिवसाला भेट म्हणून आलेल्या, पुठ्ठ्याच्या पाकिटांतल्या त्या व्हीसीडी आणि डीव्हीडी. त्या चालवणारे यंत्र केव्हाच बंद पडले. नव्या लॅपटॉपला तर तबकडी घालायची जागाच नसते. मग घरातला एखादा पुतण्या म्हणतो, "काकू, सगळ्या कॉम्प्युटरवर उतरवून देतो, नंतर टाकून द्या ह्या चकत्या." मंडळी समाधानाने मान डोलावतात. अडगळ जाणार आणि सिनेमे राहणार. आणखी काय हवे?

वाचकहो, आणखी एक गोष्ट हवी आहे. तबकडी उतरवताना काय ठेवले आणि काय टाकले, याची चौकशी घरातल्या जाणत्या माणसांनी करायला हवी. माझी तक्रार अशी आहे की या उतरवण्याच्या कामात आपण मराठी टाकून देत आहोत. ती आपल्यापासून कोणी हिसकावून घेतलेली नाही. यंत्राने विचारलेल्या एका प्रश्नाचे उत्तर द्यायचा कंटाळा आपण करतो, आणि त्या कंटाळ्यापायी ती जाते.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. यंत्रविद्येची पदवी माझ्याजवळ नाही. पण स्वयंपाक करणारीला डब्यात काय आहे हे कळायला रसायनशास्त्र लागत नाही, तसेच हे आहे. डीव्हीडी म्हणजे एक डबा समजा. त्यात चित्र एका कप्प्यात असते, आवाज वेगळ्या कप्प्यात आणि खाली उमटणारी अक्षरे, म्हणजे सबटायटल, आणखी वेगळ्या कप्प्यात. आवाजाचे असे आठपर्यंत कप्पे एका डीव्हीडीत मावतात आणि अक्षरांचे बत्तीसपर्यंत. या कप्प्यांना ट्रॅक म्हणतात. एकाच चित्राला मराठी आवाज, हिंदी आवाज, इंग्रजी आवाज आणि चार लिप्यांतली अक्षरे अशी सगळी सोय त्या वीतभरही नसलेल्या चकतीत करता येते. जुन्या व्हीसीडीत ही सोय नव्हती. तिच्यात अक्षरे असलीच तर ती चित्रावरच कायमची छापलेली असत.

आता ही डीव्हीडी कॉम्प्युटरवर उतरवायला घेतली की कप्प्यांची यादी समोर येते. यातले कोणते घ्यायचे? उतरवणारा बहुधा यादीकडे पाहत नाही. हँडब्रेकसारखे कार्यक्रम मुद्दाम काही सांगितले नाही तर आवाजाचा एकच ट्रॅक उचलतात, आणि तो बहुधा यादीतला पहिला असतो. पहिला कोणता असावा हे तबकडी काढणाऱ्याने ठरवलेले असते, आणि त्याच्या हिशेबात मराठी पहिली क्वचितच असते. म्हणजे आपण काही निवडले नाही असे आपल्याला वाटते, पण निवड झालेली असते. ती दुसऱ्याने केलेली असते, एवढेच.

माझ्या शाळेतल्या एका मुलीच्या घरी मुलांच्या गोष्टींची एक तबकडी होती. तीत मराठी, हिंदी आणि इंग्रजी असे तिन्ही आवाज होते. आजी नातीला जवळ घेऊन मराठीतल्या गोष्टी लावीत असे. घरच्यांनी सगळ्या तबकड्या शहरातल्या एका दुकानात दिल्या, पेन ड्राइव्हवर भरून घेतल्या आणि चकत्या रद्दीवाल्याला देऊन टाकल्या. पेन ड्राइव्ह लावून पाहतात तो सगळ्या गोष्टी इंग्रजीत! दुकानदाराला विचारले तर तो म्हणाला, "ताई, सगळे इंग्लिशच मागतात. पोरांचं इंग्लिश सुधारते ना." आणि खरी गंमत पुढेच आहे. मुलीच्या वडिलांना ते उत्तर पटले. आजीला कोणी विचारलेच नाही. ती आता नातीशेजारी बसते आणि चित्रे पाहते.

इंग्रजीशी माझे वैर नाही. मुलांनी इंग्रजी जरूर शिकावे आणि तबकडीवरचा इंग्रजी आवाजही जरूर ठेवावा. पण एक ठेवण्यासाठी दुसरे फेकण्याची गरज काय होती? जागा वाचवायची होती म्हणावे तर हिशेब करून पाहा. दोन तासांच्या चित्रपटाचा साधा दोन वाटांचा आवाज डीव्हीडीवर बहुधा सेकंदाला १९२ किलोबिट या मापाने भरलेला असतो. त्याची बेरीज १७० ते १७५ एमबी होते. अक्षरांचा एक ट्रॅक तर काही थोड्या एमबींचा. आणि सबंध चित्रपट चार ते सात जीबीचा! म्हणजे घर बांधताना विटा, सिमेंट, लोखंड सगळे घ्यायचे आणि काटकसर म्हणून देवघराचा कोनाडा तेवढा गाळायचा, असा हा प्रकार झाला.

आता कोणी म्हणेल, "बाई, नागपूरच्या माणसाला हिंदी येते. हिंदी आवाज असला की पुरे. मराठीचा एवढा अट्टाहास कशाला?" हा प्रश्न नागपुरातच विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तर नागपूरकरानेच द्यायला हवे. आपले शहर १९५६ पर्यंत मध्य प्रदेश राज्याची राजधानी होते. त्या राज्यात हिंदी आणि मराठी या दोन्ही राज्यभाषा होत्या. दोन भाषा शेजारी शेजारी नांदवण्याची आपल्याला सवय आहे आणि त्याचा मला अभिमान वाटतो. सीताबर्डीवर हिंदीत भाव करायचा, घरी येऊन मराठीत त्याची गोष्ट सांगायची, यात आपल्याला कधी अवघड वाटले नाही. पण दोन भाषा येणे म्हणजे त्यांतली एक सोडून देता येणे, हा अर्थ कोणी काढला? दोन डोळे आहेत म्हणून एक मिटून चालत नाही.

शिवाय चित्रपटात आवाज ही वरून घातलेली शाल नसते. 'संत तुकाराम' (१९३६) आठवा. दामले-फत्तेलालांच्या त्या चित्रपटात विष्णुपंत पागनीस स्वतः बोलतात आणि स्वतःच गातात. तो आवाज काढून दुसरा बसवला तर पडद्यावर तुकाराम उरेल का? 'फँड्री' (२०१३) घ्या. त्याचे नावच कैकाडी बोलीतले आहे, त्याचा अर्थ डुक्कर. 'कोर्ट' (२०१४) तर या बाबतीत सर्वांत बोलका. त्यात मराठी, हिंदी, गुजराती आणि इंग्रजी अशा चार भाषा आहेत. बचावाचा वकील घरी गुजरातीत बोलतो, सरकारी वकीलबाई घरी मराठीत बोलतात आणि न्यायालयात कायद्याची कलमे इंग्रजीत वाचतात. ज्याच्यावर खटला चालला आहे तो लोकशाहीर मराठीत गातो. कोण कोणत्या भाषेत बोलतो आणि कोणाला काय कळत नाही, हाच त्या चित्रपटाचा विषय आहे. या चौघांना एका भाषेत बोलायला लावा, मग खटला राहील आणि चित्रपट जाईल. त्या लोकशाहिराचे काम करणारे वीरा साथीदार आपल्या नागपूरचे. २०२१ च्या एप्रिलमध्ये करोनाने ते गेले. त्यांचा आवाज आपल्या घरात राहावा की नाही, हे एखाद्या दुकानातल्या पोराच्या बोटावर सोडायचे का?

दुसरी भाषा बोलणाऱ्याला आपला चित्रपट कसा दाखवावा, याचा धडा आपल्याच लोकांनी फार पूर्वी घालून दिला आहे. १९३२ साली प्रभात कंपनीने कोल्हापुरात 'अयोध्येचा राजा' काढला. शांतारामबापूंनी तो मराठीत चित्रित केला आणि हिंदीतही वेगळा चित्रित केला. गोविंदराव टेंबे आणि दुर्गाबाई खोटे यांनी तेच प्रसंग दोन भाषांत उभे केले. पुढे 'कुंकू' आणि 'दुनिया न माने' (१९३७), 'माणूस' आणि 'आदमी' (१९३९) अशा जोड्या झाल्या. ध्वनी मागाहून बसवण्याचे तंत्र तेव्हा बाल्यावस्थेत होते, हेही त्याचे एक कारण होते, हे मी नाकारीत नाही. तथापि त्यामागची वृत्ती पाहण्यासारखी आहे. हिंदी प्रेक्षक मिळवण्यासाठी त्यांनी मराठी प्रेक्षकाचे काही काढून घेतले नाही. दोघांनाही पूर्ण ताट वाढले. आपल्याला तर दुसऱ्यांदा स्वयंपाकही करायचा नाही. तयार ताटातली भाजी बाहेर टाकू नका, एवढीच विनंती आहे.

आवाजाचे हे झाले. आता अक्षरांकडे वळू. इथे दोष आपल्या पुतण्याकडे कमी आणि तबकड्या काढणाऱ्यांकडे अधिक जातो. मी पाहिलेल्या मराठी चित्रपटांच्या डीव्हीडींत सबटायटलचा ट्रॅक असला तर तो इंग्रजी. मराठी बोलण्याखाली मराठी अक्षरे मला त्यांत आढळली नाहीत. यावर ठरलेले उत्तर असे, "मराठी माणसाला मराठी ऐकू येते, मग अक्षरे कशाला?"

ऐकू येते असे तुम्हाला कोणी सांगितले? घरातल्या आजोबांना विचारा. सत्तरी उलटल्यावर किती जणांना पडद्यावरचे प्रत्येक वाक्य नीट उमजते? ते पुन्हा पुन्हा विचारत नाहीत, कारण विचारले की सुना-नातवंडे त्रासतात. ते नुसते हसणाऱ्यांबरोबर हसतात. जन्मतः ऐकू न येणारी मुले तर आपल्या हिशेबातही नसतात. त्यांनी आपल्याच भाषेतला चित्रपट इंग्रजी अक्षरांतून समजून घ्यावा, अशी आपली व्यवस्था आहे. ज्या मुलाने मराठी शाळेत लिहावाचायला शिकले, त्याला मराठी चित्रपट कळण्यासाठी आधी इंग्रजी शिकावे लागते! २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दृक्श्राव्य माध्यमे अशा व्यक्तींना सुलभ व्हावीत असे सांगितले. मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने चित्रपटगृहांसाठी तशी मार्गदर्शक तत्त्वेही काढली. कायदा जागा झाला आहे; झोप आपली चालू आहे.

आणि मी शिक्षिका आहे, म्हणून आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. वाचायला कचरणारे मूल गाण्याखाली धावणारी अक्षरे मात्र आपण होऊन वाचते. ही माझी कल्पना नव्हे. अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेतले ब्रिज कोठारी यांना १९९६ साली ती सुचली. जी भाषा कानी पडते त्याच भाषेची अक्षरे खाली दाखवायची, म्हणजे पाहणारा नकळत वाचू लागतो. गुजरातेत दूरदर्शनच्या गाण्यांवर तिचा प्रयोग झाला, पुढे 'चित्रहार'मध्ये हिंदी गाण्यांखाली हिंदी अक्षरे आली, आणि २०१३ नंतर काही काळ झी टॉकीज वाहिनीवर मराठी चित्रपट मराठी अक्षरांसह दाखवले गेले. म्हणजे मराठीत हे करता येते आणि करून झालेही आहे. मग ती अक्षरे तबकड्यांत का नसावीत?

यंत्राला देवनागरी येत नाही, ही सबब तर मुळीच सांगू नये. डीव्हीडीवरचे सबटायटल हे टंकलेले शब्द नसतात, ती अक्षरांची छोटी छोटी चित्रे असतात. चित्राला कोणती लिपी वर्ज्य आहे? आणि देवनागरी अक्षरे आपल्या पडद्याला आवाजाच्याही आधीपासून ठाऊक आहेत. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ सालचा. तो मूकपट असल्यामुळे दृश्यांच्या मध्ये पाट्या येत आणि त्यांत इंग्रजीबरोबर देवनागरी मजकूरही असे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी नाशिककर फाळक्यांना जे जमले ते आजच्या मराठी निर्मात्याला जमत नाही, हे मी कसे मानू?

अर्थात इंग्रजी अक्षरे असतील तीही टाकू नयेत. पुण्याच्या पलीकडे, हैदराबादला किंवा न्यू जर्सीला वाढलेल्या आपल्या नातवंडांना त्या अक्षरांचा आधार लागतो. पण तो आधारही पांगळा असतो. आमच्याकडला माणूस म्हणतो, "कायले जाऊन राहिला बे?" त्या 'कायले'तला विदर्भ आणि त्या 'बे'तली सलगी इंग्रजी ओळीत कशी उतरणार? नागराज मंजुळे यांच्या 'झुंड'मध्ये (२०२२) आपल्या नागपूरच्या वस्तीतली पोरे आहेत. त्यांच्या बोलण्यात हिंदी कुठे संपते आणि मराठी कुठे सुरू होते हे सांगता येत नाही. अशा बोलीसाठी मूळ आवाज जपणे हाच एक उपाय आहे, आणि जमल्यास तीच बोली अक्षरांत लिहून ठेवणे.

एवढे सांगितल्यावर मंडळी विचारतील, "मग करायचे काय?" करायचे ते सोपे आहे आणि घरातल्या कोणत्याही वडीलधाऱ्या माणसाला पुतण्याच्या शेजारी खुर्ची टाकून ते करवून घेता येईल.

पहिली गोष्ट, यादीतला प्रत्येक आवाज दोन-दोन मिनिटे ऐका. नावावर विसंबू नका, कारण कित्येक तबकड्यांत ट्रॅकला चुकीच्या भाषेचे नाव दिलेले असते किंवा नावच नसते. ओळख पटली की मराठीला 'मराठी' असे नाव द्या. दुसरी गोष्ट, चित्रपट ज्या भाषेत घडला तो आवाज पहिला ठेवा आणि यंत्राने आपोआप तोच लावावा अशी खूण करा. बाकीचे आवाजही राहू द्या. तिसरी गोष्ट, अक्षरांचे सगळे ट्रॅक घ्या, पण ती चित्रावर कायमची छापू नका. सुटी राहिली तर हवी तेव्हा लावता येतात, नको तेव्हा काढता येतात. छापली की मागे फिरता येत नाही. चौथी गोष्ट, सगळे कप्पे एकत्र ठेवणारा डबा निवडा. एमकेव्ही नावाचा प्रकार २००२ पासून त्यासाठीच आहे. त्याचे मूळ नाव मात्रोश्का, म्हणजे एकीच्या पोटात दुसरी अशा रशियन बाहुल्यांवरून घेतलेले. मेकएमकेव्हीसारखा कार्यक्रम चित्राला धक्का न लावता हवे ते सगळे कप्पे त्यात भरतो. आणि पाचवी गोष्ट, सगळे उतरून झाले, मधून-शेवटून पाहून झाले, एक प्रत वेगळ्या जागी ठेवून झाली, त्याशिवाय एकही चकती रद्दीत देऊ नका.

"आमच्या जुन्या टीव्हीवर ही सुटी अक्षरे दिसतच नाहीत," अशी एक रास्त अडचण लोक सांगतात. ती खरी आहे. त्यासाठी आजोबांपुरती एक वेगळी प्रत करा आणि तीत अक्षरे खुशाल छापून टाका. पण मूळ प्रत तशीच राखा. पापड लाटण्यासाठी थोडे पीठ काढून घ्यावे, डबाच रिकामा करू नये.

ज्या चित्रपटाला मराठी अक्षरे नाहीत, त्याला घरच्या घरी ती जोडताही येतात. वेळ लिहायची, खाली ओळ लिहायची, एवढ्याने भरलेली साधी मजकुराची फाइल त्या डब्यात घालता येते. एखाद्या सुट्टीत नातवाने ऐकावे, आजीने सांगावे आणि दोघांनी मिळून घरातल्या आवडत्या चित्रपटाची अक्षरे लिहावीत. शुद्धलेखनाचा याहून आनंदाचा अभ्यास मला तरी ठाऊक नाही.

कायद्याची बाजूही सांगते, म्हणजे कोणी माझ्या लेखाचा आडोसा घेऊन दुकान थाटू नये. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात २०१२ साली दुरुस्त्या झाल्या. खाजगी उपयोगासाठी केलेल्या रास्त वापराला कलम ५२ जागा देते. त्याच वेळी, हक्क बुडवण्याच्या हेतूने तबकडीचे कुलूप तोडणाऱ्याला कलम ६५अ शिक्षा सांगते. म्हणून मी बोलते आहे ते स्वतः पैसे देऊन घेतलेल्या तबकडीबद्दल आणि घरच्या घरी पाहण्याबद्दल. प्रती विकणे, वाटणे, इंटरनेटवर टाकणे ही चोरी आहे, आणि मराठी चित्रपट काढणाऱ्याच्या पोटावर तर तो पायच आहे.

"सगळे मोबाइलवर मिळते, मग हा खटाटोप कशाला?" असे तरुण मंडळी म्हणतात. आज मिळते ते उद्या करार संपला की नाहीसे होते, आणि त्यात कोणता आवाज नि कोणती अक्षरे ठेवायची हे आपल्या हाती नसते. तबकड्या पुन्हा निघतील, या आशेवरही राहू नये. २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली, तेव्हा घराघरांत या चकत्यांचे ढीग झाले. ती कंपनी २०१८ मध्ये अवसायनात निघाली. आपल्या कपाटात जी चकती आहे ती कदाचित पुन्हा कधीच छापली जाणार नाही.

मराठी ही आठ कोटींहून अधिक लोकांची मातृभाषा आहे, असे २०११ ची जनगणना सांगते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने तिला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा आपण पेढे वाटले. ठीकच केले. पण दर्जा दिल्लीहून मिळाला तरी भाषा टिकायची ती आपल्या दिवाणखान्यात. म्हणून दोन मागण्या करून थांबते. मराठी चित्रपट काढणाऱ्यांनो, तुमच्या प्रत्येक चित्रपटाला, मग तो तबकडीवर येवो की मोबाइलवर, इंग्रजीच्या आधी मराठी अक्षरे द्या. आणि वाचकहो, या दिवाळीत कपाटातला तो ढीग खाली काढाल तेव्हा फराळाची ताटली घेऊन पुतण्याच्या शेजारी बसा. यादी समोर आली की त्याला म्हणा, "थांब, मराठी कुठे आहे ते आधी दाखव."